पट्टीखालचं गाव

पट्टीमामा तलावाची पातळी फोनवर सांगताना आवाज खाली आणायचे. भरलेल्या तलावाचा आकडा ते खणखणीत सांगत. पण पाणी उतरायला लागलं की त्यांचा आवाजही उतरायचा, आणि एप्रिलमध्ये तर रिसीव्हर कानाला घट्ट दाबून ऐकावं लागे. आजारी माणसाच्या खोलीबाहेर उभं राहून त्याच्या तब्येतीबद्दल बोलतात ना, तसं ते बोलायचे. एकदा मी वैतागून म्हटलं, "मामा, जरा मोठ्यानं बोला की, इथं पंखा वाजतोय." तिकडून उत्तर आलं, "माय, मी पाण्याजवळच बसून राहिलो. त्याच्या तोंडावर कसं सांगू?"

मी तेव्हा नोकरीत नवी होते. कंधारहून स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासासाठी लातूरला आले, दोन वर्षं एका खोलीत चौघी राहिलो, आणि शेवटी इथल्याच एका सरकारी कार्यालयात कनिष्ठ लिपिक म्हणून लागले. आमचं काम पाण्याचं, एवढंच सांगते. कार्यालयाचं नाव लिहीत नाही आणि तलावाचंही नाही, कारण मी अजून नोकरीत आहे. ज्यांना तलाव ओळखू येईल त्यांना तो माझ्या आधीपासून माहीत आहे. माझ्या टेबलाकडे रोजचा पाणी अहवाल होता. सकाळी पावणेदहाला मामांचा फोन येई, मी आकडा संगणकावरच्या चौकटीत टाके आणि दहाच्या ठोक्याला अहवाल वर जाई. वर म्हणजे कुठे, तिथे तो कोण वाचतं, हे मला माहीत नव्हतं. माहीत करून घ्यावंसंही वाटलं नाही.

सेवापुस्तकात मामांचं नाव वेगळं होतं आणि हुद्दा चौकीदाराचा. तलावाच्या भिंतीला आतल्या बाजूनं पायऱ्या आहेत, आणि पायऱ्यांच्या कडेनं वरपासून खालपर्यंत पांढऱ्या लोखंडी पट्ट्या ठोकलेल्या आहेत. त्यांवर काळ्या रेघा आणि आकडे. पाणी ज्या रेघेला टेकलं ती त्या दिवसाची पातळी. मामा तीस वर्षं ही पट्टी वाचत होते, म्हणून ते पट्टीमामा. वाचण्याआधी ते नारळाच्या काथ्यानं पट्टी घासायचे. "तिचं तोंड धुतल्याबिगर ती खरं बोलत न्हाई," म्हणायचे. वारा असला की पाणी हलतं आणि रेघेचा नेम राहत नाही. अशा वेळी मामा खालच्या पायरीवर उकिडवे बसून राहत, पाणी थांबेपर्यंत. कधी पाच मिनिटं, कधी तासभर. लाटेवरचा आकडा त्यांनी कधी घेतला नाही.

आमचे साहेब यावर चिडायचे. माणूस वाईट नव्हता, फक्त त्यांना नेहमी वरून फोन यायचा. "दोन बोटांनी काय बिघडतं हो मामा? अंदाजानं सांगा." मामा अदबीनं उभे राहत आणि म्हणत, "साहेब, तुमच्या कागदावर ती दोन बोटं हायेत. इकडं त्ये सहा गावाचं एका दिसाचं पिणं हाय." साहेब फायलीवर सही करत.

या पाण्याखाली मामांचं गाव होतं. तलाव झाला तेव्हा ते सातवीत होते. गाव उठलं, कुणाला दुसरीकडे जमीन मिळाली, कुणी लातूरला डाळीच्या गिरणीत लागलं, कुणी नांदेडला, कुणी उमरीला नातेवाइकांकडे गेलं. मामांना पुढे प्रकल्पग्रस्ताच्या दाखल्यावर नोकरी मिळाली, ती याच तलावावर. ज्या पाण्यानं घर घेतलं त्याचीच राखण करायची! लोक विचारत, राग येत नाही का. मामा म्हणत, "गाव माझं, पाणीबी माझंच. भांडू कुणासंगं?"

पावसाळ्यात तलाव भरला की गाव नाहीसं व्हायचं. होळीच्या आसपास ते हळूहळू परत यायचं. आधी चिंचेचा वाळलेला शेंडा, मग मारुतीचा ओटा, मग शाळेच्या पायऱ्या, मग एकेक गल्ली. उन्हाळा जितका कडक तितकं गाव जास्त दिसे. मामांच्या मनाची त्यात फार ओढाताण व्हायची. "पाणी खाली गेलं की गाव वर येतं, माय. हसावं का रडावं, मला कळंना झालंय." हे सांगतानाही त्यांचा आवाज खालीच असायचा.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते मार्चमधल्या एका रविवारी. चार महिने नुसता आवाज ऐकून मला त्यांच्याबद्दल कुतूहल वाटायला लागलं होतं. एसटीनं फाट्यापर्यंत गेले, तिथून त्यांनी मला त्यांच्या लुनावर तलावावर नेलं. इस्त्रीचा पांढरा शर्ट, गळ्यात दोरीनं अडकवलेला मोबाईल, पायात चपला. पाणी मागे हटलं होतं आणि भेगाळलेला चिखल लांबवर पसरला होता. सकाळचं धुकं अजून पाण्यावर होतं. मामा पुढे, मी मागे, असे आम्ही चाललो. मध्येच मामा डावीकडे वळले, दहा पावलं गेले आणि परत उजवीकडे वळले. समोर मोकळं मैदान असताना हा वळसा कशाला, मला कळेना. मी सरळ निघाले तर म्हणाले, "तिकडून नको माय, भिंत हाय."

भिंत नव्हती. चिखलात दगडांची एक ओळ तेवढी दिसत होती. पण मी मागे फिरले आणि त्यांच्या मागून वळसा घालून गेले. थोडं पुढे एका ठिकाणी त्यांनी चपला काढल्या, उंबरा ओलांडल्यासारखा पाय उचलला आणि आत गेले. मीही चपला काढल्या. "ह्ये आमचं सैपाकघर. माय हितं बसायची," ते म्हणाले आणि तिथेच मांडी घालून बसले. मी त्यांच्यासमोर बसले. आमच्या डोक्यावर आभाळ होतं आणि चारी बाजूंनी वारा येत होता. तरी मला तिथे आत बसल्यासारखं वाटलं, आणि चुलीच्या धुराचा वासही आला. आता लिहिताना त्या वासाची मी खात्री देत नाही. पण आम्ही बराच वेळ तिथे बसलो होतो आणि मला परत जावंसं वाटत नव्हतं, एवढं नक्की.

उठताना मामांनी घराच्या मागच्या बाजूला, पाण्याकडे हात केला. "थितं आमचा आड हाय. त्यो शेवटच्या पट्टीच्याबी खाली. माझ्या नोकरीत एकदाच दिसला. त्या साली पुढल्या पंधरा दिसात तलावाचा तळ लागला व्हता." मी त्या दिशेला पाहिलं. धुकं विरलं होतं आणि पाण्यात दोन बदकं संथ फिरत होती.

मामांना मोबाईलचा नाद नव्हता, स्टेटसचा मात्र होता. रोज एक फोटो आणि एक ओळ. "आज चिंच दिसली." "बदकं आली. पिल्लं संगं हायेत." "धुकं लई. पाणी दिसंना, पण हाय." "शाळेची दुसरी पायरी." एवढंच. चोवीस तासांनी ते निघून जाई आणि दुसऱ्या दिवशी नवं येई. ते पाहायला सगळं उठलेलं गाव सकाळी जमायचं, जो तो आपापल्या घरी, चहाचा कप हातात धरून. उमरीच्या एक वयस्क अक्का रोज विचारायच्या, आमचं जोतं दिसलं का. मामा चिखल तुडवत त्यांचं जोतं शोधायला जात. "दिसलं की सांगतो, अक्का," असं बोलून पाठवत, आणि दिसलं की खरंच फोटो टाकत. अक्कांनी मग दिवसभरात तो किती जणांना दाखवला असेल!

साहेबांनी एकदा मामांना हटकलं. सरकारी तलावाचे फोटो आपल्या फोनवरून असे टाकणं बरं नाही, उद्या कुणी काही म्हणेल. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं. "साहेब, पट्टी सरकारची हाय, तिचा फोटो मी कधीच टाकला न्हाई. आकडाबी कधी लिहिला न्हाई. आकडा दफ्तराला, गाव लोकायला. फोन माझा, डोळे माझे, गाव माझं. ह्यात सरकारचं काय गेलं?" पुढे मी वर्तणूक नियमांचं पुस्तक दोनदा वाचून काढलं, पण आपलं काय आणि सरकारचं काय यातली इतकी स्वच्छ रेघ मला त्यात सापडली नाही.

आता माझ्याबद्दल लिहायला हवं. इतका वेळ टाळत होते.

त्या वर्षी ऊन लवकर चढलं. एप्रिलच्या मध्यावर एके सकाळी मामांचा आवाज इतका खाली होता की मला तीनदा विचारावं लागलं. "पट्टीखाली," ते म्हणाले. पाणी शेवटच्या पट्टीच्याही खाली गेलं होतं आणि आता वाचायला रेघच उरली नव्हती. मी चौकटीत 'पट्टीखाली' असं टाइप केलं. चौकट लाल झाली. तिला फक्त आकडे चालत. कोरी सोडली तर अहवाल पुढे सरकेना. दहा वाजत आले होते. शेजारच्या टेबलावरच्या वरिष्ठ लिपिकांनी मान न उचलता सांगितलं, "कालचा टाका. कालप्रमाणे चालतं." मी कालचा आकडा टाकला आणि चौकट हिरवी झाली. मला तेव्हा बरंच वाटलं.

दुसऱ्या दिवशीही मामा "पट्टीखाली" म्हणाले, मी "बरं" म्हटलं आणि कालचा आकडा टाकला. असे अकरा दिवस गेले. भर उन्हाळ्यात एक बोटही न आटणारा तलाव साऱ्या मराठवाड्यात फक्त आमच्या कागदावर होता, आणि ते कुणालाही विचित्र वाटलं नाही. मलाही नाही. मी आकडा टाकत होते, पाणी डोळ्यांपुढे आणत नव्हते. त्याच दिवसांत खालच्या सहा गावांनी टँकर मागितले. साहेबांनी माझा अहवाल पाहिला आणि उत्तर सांगितलं: साठा स्थिर आहे, टँकरची आवश्यकता नाही. ते पत्रही मीच टाइप केलं.

बाराव्या दिवशी सकाळी मामांच्या स्टेटसवर एक फोटो आला. ओल्या चिखलातून वर आलेला दगडी गोल काठ, दोरीनं झिजून त्याला पडलेल्या खाचा, आणि आत काळंभोर. खाली ओळ होती, "आमचा आड दिसला. माय हितं पाणी शेंदायची."

पाण्याबद्दल, टँकरबद्दल, सरकारबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. पण ज्यांना कळायचं त्यांना कळलं. आड दिसला म्हणजे काय, हे त्या सहा गावांतल्या म्हाताऱ्या माणसांना चांगलं ठाऊक होतं. कुणीतरी तो फोटो उचलला, त्यावर 'साठा स्थिर आहे म्हणे!' असं लिहिलं आणि पुढे पाठवला. दुपारपर्यंत तो लातूरभर फिरला. चार वाजता तीसेक माणसं हातात फोन घेऊन आमच्या कार्यालयात आली. साहेबांना वरून फोन आला, मग आणखी वरून आला. संध्याकाळी त्यांनी मला बोलावलं आणि नोटीस सांगायला सुरुवात केली.

'आपण आपल्या वैयक्तिक समाजमाध्यमावरून शासकीय पाणीसाठ्याबाबत चुकीची व दिशाभूल करणारी माहिती प्रसारित करून वर्तणूक नियमांचा भंग केला आहे. आपणाविरुद्ध कारवाई का करण्यात येऊ नये, याचा खुलासा तीन दिवसांत सादर करावा.' त्यातल्या 'चुकीची' या शब्दाशी माझी बोटं थांबली. चुकीची माहिती कुठून गेली हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. साहेब म्हणाले, "झालं का?" मी म्हटलं, "हो सर," आणि पुढचं वाक्य टाइप केलं. मी भित्री होते, याहून मोठं कारण माझ्याकडे नाही.

आमच्याकडे एक रीत आहे, बाहेरच्यांना ती ऐकून हसू येतं. नोटीस ज्या लिपिकानं टाइप केली, तिचा खुलासाही माणसं त्याच्याकडूनच लिहून घेतात. सरकारी भाषा त्यालाच येते, दुसरीकडे जायचं कुठे? दुसऱ्या दिवशी मामा आले. चष्मा लावून त्यांनी उभ्यानं सगळी नोटीस वाचली, मग माझ्या टेबलाजवळ स्टूल ओढून बसले. "ब्येस लिहिलंस माय. एक कानामात्रा चुकली न्हाई. आता ह्याचं उत्तरबी तूच लिही."

मी लिहायला घेण्याआधी साहेबांनी त्यांना आत बोलावलं. दार उघडंच होतं. साहेब म्हणत होते, "मामा, निवृत्तीला अकरा महिने राहिलेत तुमचे. फोटो जुना आहे, मागच्या दुष्काळातला, चुकून टाकला गेला, एवढं लिहून द्या. मी प्रकरण इथंच मिटवतो. नाहीतर मला तुम्हाला तलावावरून हलवावं लागेल." मनापासून वाचवत होते ते मामांना. मामा म्हणाले, "साहेब, माफी मागतो. पाया पडा म्हनलात तर पडतो. पण फोटो काल सकाळचा हाय. माझ्या मायच्या आडावर मी लबाड कसं लिहू?"

ते परत स्टुलावर येऊन बसले. मी हळूच म्हटलं, "मामा, तुम्ही रोज फोनवर पट्टीखाली सांगत होता, ते लिहू या ना. तुम्ही खात्याला आधीच कळवलं होतं. त्यानं सुटाल तुम्ही."

"कुणाला कळवलं, इचारतील."

"मला."

"मंग तू काय केलंस, इचारतील."

मामा माझ्याकडे पाहत होते, रागानं नाही. "टँकरचं पत्र गावात आलं व्हतं, माय. साठा स्थिर म्हणून. मी वाचलं आन समजलो. तुझी नोकरी अजून कच्ची हाय ना?"

"एक वर्ष राहिलंय पक्की व्हायला."

"मंग ऱ्हाऊ दे. माझे अकरा महिने हायेत. तुझी तीस वर्सं हायेत."

त्या क्षणी मी उठून साहेबांच्या दारात जायला हवं होतं. सात पावलं होती. मी उठले नाही. मी विचारलं, "मग काय लिहू?"

मामांनी सांगितलं तसं मी लिहिलं. 'फोटो माझ्या घरामागील आडाचा आहे. तो मी माझ्या फोनवर टाकला. तो त्याच दिवशी सकाळी काढलेला आहे.' तीन वाक्यं. इतका छोटा खुलासा मी त्यानंतर पाहिलेला नाही. सही करून ते उठले आणि म्हणाले, "चल, च्या पाज." आम्ही खाली टपरीवर चहा प्यायलो. ते बदकांबद्दल बोलत होते, की यंदा पाणी गेल्यामुळे ती लवकर उडाली.

चार दिवसांनी वरून माणसं येऊन तलाव पाहून गेली आणि सहाही गावांना टँकर सुरू झाले. अहवालातला आकडा दुरुस्त झाला. तो चुकला कसा, हे कुणी विचारलं नाही, कारण ते विचारलं असतं तर पुष्कळांना उत्तर द्यावं लागलं असतं. मामांच्या हाती लेखी ताकीद पडली आणि नांदेडच्या भांडारात बदली. त्याच आठवड्यात आम्हा सगळ्यांसाठी एक हमीपत्र आलं. वैयक्तिक समाजमाध्यमावर कार्यालयाशी, कामाशी किंवा कामाच्या ठिकाणाशी संबंधित काहीही टाकणार नाही. सगळ्यांनी रांगेनं सह्या केल्या. मीही केली. मामांनी केली आणि सहीच्या खाली त्यांच्या गोल अक्षरात लिहिलं, 'वाचलं. पटलं नाही. सही केली.' साहेबांनी तो कागद हातात घेऊन बराच वेळ पाहिला. मग तसाच फायलीत लावला. ही त्यांची भलाई मी विसरणार नाही.

तलावावरच्या शेवटच्या दिवशी मामांनी नव्या चौकीदाराला पट्टी घासायला शिकवलं, आणि मला फोन केला. "ह्या गड्याला लाटेवर आकडा घेऊ देऊ नको. त्याला घाई लई हाय." मी हो म्हटलं. नांदेडच्या भांडारात ते पाइप आणि झडपा मोजत बसायचे. तिथे खिडकीतून दुसऱ्या भांडाराची भिंत दिसते, असं त्यांनी एकदा सांगितलं. जुलैमध्ये पाऊस आला, तेव्हा त्यांचा फोन आला. "चिंच बुडाली का, माय?" मी नव्या माणसाला विचारून सांगितलं, बुडाली.

स्टेटस मात्र बंद झालं. उमरीच्या अक्का मला कुणाकडून तरी नंबर मिळवून विचारायच्या, पट्टीवाला आता फोटो का टाकत नाही. काय सांगणार? मामा निवृत्त होऊन नव्या वस्तीतल्या घरी परतले, तेव्हा मी उत्साहानं म्हटलं, "मामा, हमीपत्र आता संपलं. आता टाका की फोटो. आता कुणाच्या बापाची भीती नाही." ते हसले. "सवय मोडली, माय. आता तलावावर जातो, बगतो, आन घरी येतो." मी पुढे हट्ट धरला नाही. एका माणसाचं बोलणं बंद करायला त्याला शिक्षा द्यावी लागत नाही, अकरा महिने दुसऱ्या खिडकीत बसवलं तरी पुरतं, हे मला त्या दिवशी कळलं आणि फार वाईट वाटलं.

माझी नोकरी पक्की झाली. दोन वर्षं पत्रव्यवहार करून मी त्या अहवालात शेऱ्याची एक चौकट वाढवून घेतली, जिथे चौकीदार जे शब्द बोलेल ते लिहिता येतात. माझं कौतुक झालं. त्या कौतुकाच्या वेळी सांगता आलं असतं. मग बढती झाली, तेव्हाही सांगता आलं असतं. दर खेपेला मी मामांकडे जायचे, मामींच्या हातची भाकरी आणि येसराची आमटी खायचे, आणि मामा मला तलावावर घेऊन जायचे. दर खेपेला वाटायचं, आज हा विषय काढावा. ते मला तशी वेळच येऊ देत नसत. किंवा मीच येऊ देत नव्हते.

या फेब्रुवारीत मामा गेले. सकाळी तलावावरून आले, ओसरीवर टेकले आणि तिथेच संपलं. मला दुपारी कळलं. मी पोहोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. दहाव्याला परत गेले, तेव्हा मामी म्हणाल्या, त्यांचा फोन चालूच ठेवलाय, लोकांचे फोटो येतात ते पाहते, तेवढाच वेळ जातो.

दुसऱ्या दिवशी सकाळी लातूरला चहा ठेवला आणि फोन हातात घेतला. मार्चमधल्या त्या रविवारी मी मामांचा पाठमोरा एक फोटो काढला होता, नसलेल्या भिंतीला वळसा घालताना. तो स्टेटसला लावला आणि खाली लिहिलं: 'त्या उन्हाळ्यात पट्टीमामांनी मला अकरा दिवस रोज खरी पातळी सांगितली. अहवालात खोटा आकडा मी भरला. नोटीस त्यांना मिळाली, आणि तीही मीच टाइप केली.' माझ्या सहीचं हमीपत्र कार्यालयाच्या कपाटात आहे. माझ्या सहीखाली काही लिहिलेलं नाही. मी ते पाठवलं.

कुणी कुणी पाहिलं याची नावं फोनवर दिसतात. पहिली बहीण, मग कार्यालयातले दोघं, मग जुने साहेब, जे आता मोठ्या जागेवर आहेत. मग त्या यादीत नाव आलं, पट्टीमामा. मामींनी फोन उघडला असणार, हे कळायला थोडा वेळ लागला. पाठोपाठ त्याच नंबरवरून फोन वाजला.

"माय, त्यायचा फोटो दिसला," मामी म्हणाल्या. "खाली लिहिलंय काय? मला वाचाया येत न्हाई. वाचून दाखव."

लिहिणं सोपं होतं, हे मला तेव्हा समजलं. मी वाचून दाखवलं. मामी ऐकत होत्या. त्यांच्या मागे कुठेतरी कोंबड्या ओरडत होत्या.

"ह्ये त्यायला म्हाईत व्हतं?"

"हो, मामी."

"मला कधीच बोलले न्हाईत." त्या थांबल्या. "त्यायला म्हाईत असणं येगळं. तू ह्ये त्यायच्या जितेपणी लिहाया पायजे व्हतं, माय."

"हो," मी म्हटलं.

मला वाटलं त्या फोन ठेवतील. त्यांनी ठेवला नाही.

"परत एकदा वाच," त्या म्हणाल्या. "सावकाश वाच."